मागे कोण?

१

मार्चमधल्या एका रविवारी दुपारी रेगुलाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन सहलींचे छापील कागद पसरले आणि पदर नसलेल्या बाईने पुसावा तसा, म्हणजे ब्लाउजच्या टोकाने, चष्मा पुसून घेतला. आल्प्समध्ये वाटाड्याबरोबर सायकलने भटकायच्या सहली होत्या या. दर वर्षी याच सुमाराला ती असले कागद पसरायची आणि दोन आठवडे चवीने घोळवत बसायची. या वर्षी चव नव्हती. ही सहल फसली तर सायकल विकायची, असं तिने ठरवलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीची सूनबाई.

रेगुला एकसष्ट वर्षांची. स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरच्या पोस्टातून नुकतीच निवृत्त झालेली. बावीस वर्षं ती क्लबाबरोबर डोंगरात सायकल चालवत होती आणि बावीस वर्षं शेवटची येत होती. त्याचं तिला काही वाटत नसे. कोणीतरी शेवटी असणारच. पण मागच्या सप्टेंबरात, खिंडीच्या अलीकडे अवघी दोन वळणं उरली असताना, क्लबाची गाडी तिच्या शेजारी येऊन थांबली. अध्यक्षांनी काच खाली करून अगदी गोड आवाजात म्हटलं, "बसा आता, रेगुला. वर सगळे गारठलेत." ती बसली. आयुष्यात ती अनेकदा सायकलवरून पडली होती, एकदा मनगटही मोडलं होतं. त्या गोड आवाजाने जेवढं लागलं तेवढं कशानेच लागलं नव्हतं.

एक खिंड स्वतःच्या पायांनी पार करायची, नाहीतर सूनबाईला हाक मारायची. एवढाच हिशोब होता.

"हे बघ, ताई," रूएदी म्हणाला. रूएदी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रविवारी केक खायला येणारा, रोज संध्याकाळी सायकलच्या चेनला तेल घालणारा, आणि जगाने तसंच करावं म्हणून मागे लागणारा. "सावोयवाली घे. रोपवेच्या पाळण्यात बसून वर जायचं, सायकलने नुसतं खाली उतरायचं. तुझ्यासाठीच काढलीय."

"पाळण्यात बसून खिंड पार झाली म्हणतात का?"

"मग दक्षिण तिरोलची. बॅटरीवाली सायकल देतात. हॉटेलात गरम पाण्याचं कुंड आहे."

"मला शिजायचं नाहीये, रूएदी."

तिसऱ्या कागदावर फारसं काहीच नव्हतं. ग्राउब्युंडेनमधली एक आडबाजूची दरी, सुरोंद नावाची खिंड, तीन दिवस, सहा पाहुणे, वाटाड्या फ्लुरिन. आणि एकच फोटो: एका फाट्यावर दाटीवाटीने उभी असलेली हसरी माणसं. रेगुलाने सवयीने माणसं मोजली. पोस्टात तीस वर्षं काढली की मोजण्याची सवय जात नाही. सात. सहा पाहुणे आणि वाटाड्या. बरोबर.

मग तिला मागचा आठवा दिसला.

घोळक्यापासून दहा पावलं लांब, एका मोठ्या दगडापाशी, लाल जाकिटातला कोणीतरी. कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. हात आडवा धरून उजवीकडे दाखवत होता.

"पाटी असेल," रूएदी केक चावत म्हणाला. "रंग उडालेली."

त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं. रेगुलाने त्यांच्या इंटरनेटच्या पानावरचे जुने फोटो उघडले. गेल्या वर्षीची माणसं वेगळी, त्याच्या आदल्या वर्षीची वेगळी. फाटा तोच, दगड तोच, आणि तो हात तसाच. अर्थात, पाटी असेल तर ती दर वर्षी असणारच. तिने स्वतःची समजूत घातली आणि दुसऱ्या दिवशी फोन लावला.

२

फ्लुरिनचा आवाज तरुण होता, पण दमलेला. तिने आधीच सांगून टाकलं की मी हळू आहे, फार हळू, आणि मला गाडीत घालणार असाल तर आत्ताच नाही म्हणा.

"किती हळू?" त्याने विचारलं. आवाजात काळजी नव्हती, उत्सुकता होती.

"सगळ्यांच्या शेवटी. नेहमी."

"मला शेवटचा माणूस मिळत नाही," तो म्हणाला. "सगळ्यांना पुढे जायचं असतं. शेवटी ठेवलं की चिडतात, मधली वळणं कापून पुढे येतात. तुम्ही खरंच शेवटी राहाल? तीनही दिवस?"

रेगुलाला बावीस वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. नोकरीची मुलाखत चालू असावी तशी ती ताठ बसली.

"राहीन. एक विचारू का? तुमच्या फोटोत फाट्यावर एक पाटी आहे..."

"तिथे पाटी नाही," फ्लुरिन म्हणाला. "हिवाळ्यात बर्फाचा कडा सरकतो, खांब टिकत नाही. म्हणून तर आम्ही माणूस उभा करतो." मग आवाज उतरवून, "तुम्हाला तो दिसला?"

"पाटी असेल असं आमच्या मेहुण्यांना वाटलं."

"बहुतेकांना तसंच वाटतं," तो म्हणाला, आणि तारखा सांगू लागला.

शहाण्या माणसाने तिथेच फोन ठेवून तिरोलच्या गरम कुंडात जागा धरली असती. रेगुलाने सुरोंद निवडली. मला शेवटचा माणूस मिळत नाही, हे वाक्य तिच्या कानातून जाईना. रूएदीने कपाळावर हात मारला आणि स्वतःचंही नाव घातलं. म्हणाला, कोणीतरी तुझी हाडं गोळा करायला हवं.

३

ऑगस्टच्या शेवटी ते दरीत पोचले. घर दगडाचं होतं. खाली पाहुण्यांचं जेवणघर, वर खोल्या. दाराशी बाकावर फ्लुरिनचे वडील बसलेले, जियाखेन. पंचाहत्तरीचे, गुडघ्यांवर हात, तोंड खिंडीकडे. दार सताड उघडं होतं आणि आत चांगलंच गारठलं होतं.

"दार लावू का, आजोबा?" रूएदीने विचारलं.

"सगळे आले की लावू," म्हातारा म्हणाला.

सगळे आले होते. बर्नचे दोन भाऊ, ल्युसर्नचं एक जोडपं, रूएदी, रेगुला. सहाजण टेबलाशी जवाचं सूप पीत होते आणि पायांवरून गार वारा जात होता. दार काही लागलं नाही.

सकाळी फ्लुरिनने त्यांची पद्धत समजावली. तो पुढे जाणार. फाटा आला की त्याच्या लगेच मागे असेल त्याने तिथे थांबायचं आणि हाताने वाट दाखवायची. याला ते कोपरा धरणं म्हणत. बाकीचे निघून जातील. कोपरा धरणाऱ्याने शेवटच्या माणसाची वाट बघायची. शेवटच्याने येऊन म्हणायचं, "मी शेवटचा, चल," की तो सुटला. त्याआधी नाही. पाऊस आला तरी नाही, भूक लागली तरी नाही. कोपऱ्यावर आधीच कोणी उभा असेल तर तिथे दुसऱ्याने थांबायचं नाही, तो दाखवेल तिकडे जायचं.

"आणि शेवटचा आला हे कळायचं कसं?" बर्नच्या थोरल्याने विचारलं.

फ्लुरिनने शेळीच्या गळ्यात बांधतात तशी एक पितळी घंटा काढली आणि रेगुलाच्या हँडलला चामडी वादीने बांधली. वादी नवी होती, घंटा फार जुनी. "बाबांची आहे," तो म्हणाला. "पूर्वी ते शेवटी असायचे."

"आता आमची ताई," रूएदी म्हणाला. "शेपटीला घंटा. आता निदान हरवणार तरी नाही."

सगळे हसले. रेगुलाही हसली, पण तिचं लक्ष टेबलाकडे होतं. जियाखेनने ब्रेड, चीज आणि वाळवलेल्या मांसाची शिदोरी बांधली होती. कागदी पुडकी ओळीने मांडली होती. तिने मोजली. सहा पाहुणे आणि फ्लुरिन म्हणजे सात. पुडकी आठ होती.

"एक जास्त आहे," ती म्हणाली.

"असू दे," म्हातारा म्हणाला आणि आठवं पुडकं स्वतःच्या हाताने फ्लुरिनच्या पिशवीत घातलं.

तो दिवस मजेत गेला. जंगलातून, गुरांच्या कुरणांवरून, ओढ्याच्या फळ्यांवरून. प्रत्येक फाट्यावर कोणीतरी हात आडवा धरून तिची वाट बघत उभा असे, आणि घंटा ऐकली की त्याचा चेहरा उजळत असे. सगळ्यांचं खोळंबणं हे आयुष्यभर तिचं अपयश होतं. इथे ते तिचं काम होतं. "मी शेवटची, चल," असं म्हणताना दुपारपर्यंत तिच्या आवाजात चक्क रुबाब आला. दिवस संपताना फ्लुरिनने रीतीप्रमाणे विचारलं, "मागे कोण?" आणि ती म्हणाली, "कोणी नाही."

फ्लुरिनने मान डोलावली, तरी त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागच्या रिकाम्या वाटेवर रेंगाळली. दाराशी म्हाताऱ्यानेही त्याला तोच प्रश्न केला, "मागे कोण?" फ्लुरिन खाली बघत सायकल टेकवू लागला आणि म्हणाला, "सूप गरम आहे ना?" रेगुलाला नवल वाटलं. तिने स्वच्छ उत्तर दिलं होतं, मग हा बापाला का सांगत नाही? आठवं पुडकंही तसंच परत आलं होतं. म्हाताऱ्याने ते घेतलं आणि दार उघडं ठेवलं.

४

दुसऱ्या दिवशी सुरोंद. चढ साडेतीन तासांचा होता, रेगुलाला पाच लागले. दोनदा ती उतरून सायकल ढकलत चालली, एकदा दगडावर बसून रडली, मग नाक पुसून पुन्हा चढली. मागून गाडी येणार नव्हती, कारण इथे गाडी येतच नव्हती. शेवटचं वळण संपलं तेव्हा वारा एकदम समोरून आला आणि खाली दुसरी दरी दिसली. खिंडीवर तिला बघून सहाही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यात गोडवा मुळीच नव्हता, नुसता आनंद होता. रूएदीचे डोळे ओले दिसले. वाऱ्याने, असं तो म्हणाला.

तिला वाटलं, झालं. जिंकले. सूनबाईने आता दुसरी सायकल बघावी.

पण अजून उतरायचं होतं, आणि पलीकडच्या दरीतून धुकं वर येत होतं. फ्लुरिनने सगळ्यांना जवळ बोलावलं.

"खाली फाटा आहे. आपण डावीकडे. उजवीकडची वाट जुनी आहे, पुढे डोंगर कोसळलाय, वाट हवेत संपते. रूएदी, तुम्ही माझ्या मागे. कोपरा तुमचा. दगडाला पाठ लावून उभे राहा आणि घंटा येईपर्यंत हलू नका." मग त्याने रेगुलाला बाजूला घेतलं. "डोंगर कोसळला त्या दिवशी माझा थोरला भाऊ तिथे कोपरा धरून होता. मी स्वतः शेवटी राहून पाहिलंय, एकदा नाही, पाच वेळा. मला तिथे नुसता दगड दिसतो."

"मग मला काय दिसणार आहे?" तिने विचारलं.

"माहीत नाही," फ्लुरिन म्हणाला. त्याचा चेहरा इतका प्रामाणिक होता की तिला भीती वाटली. "घंटा वाजवत या."

५

धुक्यात उतरताना हात दिसतो, चाक दिसतं, त्यापुढे काही नाही. रेगुला ब्रेक दाबत, घंटा वाजवत उतरत होती. पुढच्यांचे आवाज केव्हाच गेले होते. मातीत सगळ्यांच्या टायरच्या खुणा एकात एक मिसळल्या होत्या, त्या बघत ती चालली होती.

फाटा आला. आधी दगड दिसला, मग दगडापाशी माणूस. ती बोलायला तोंड उघडणार तोच तिच्या लक्षात आलं की रूएदीचं जाकीट निळं आहे.

हे लाल होतं. जवळून पाहिलं तर आता लालही म्हणवत नव्हतं, भिजलेल्या विटेसारखं झालं होतं. तो पाठमोरा होता. हात उजवीकडे आडवा, खांद्याच्या रेषेत, अगदी स्थिर. कोणाचाही हात इतका वेळ इतका स्थिर राहत नाही. दुसऱ्या टोळीतला असेल, तिचं डोकं म्हणालं. लोक येतात या बाजूला. मग तिला दगडाला टेकलेली त्याची सायकल दिसली. चाकाच्या तारांमधून गवत वर आलं होतं, गुडघाभर, आणि गवताला तुरे होते.

रेगुला आयुष्यात एवढी कधीच घाबरली नव्हती. डावीकडे वाट मोकळी होती. डावीकडे जावं, मागे बघू नये, खाली सूप असेल. तिने खुणा पाहिल्या. डावीकडे पाच सायकली गेल्या होत्या. उजवीकडे एक.

रूएदी. बाकीच्यांना नुसता दगड दिसला असणार, ते ठरल्याप्रमाणे डावीकडे गेले होते. याने मात्र कोपऱ्यावर आधीच कोणी उभा आहे हे बघून डावं-उजवं सोडून दिलं आणि नियमाप्रमाणे तो दाखवेल तिकडे गेला.

"रूएदी," ती ओरडली. आवाज धुक्यात विरून गेला. तिने घंटा हलवली, आधी हळू, मग सगळा जीव एकवटून.

आणि लाल जाकिटाचा हात खाली येऊ लागला.

सावकाश, फार सावकाश, खांदा आखडलेल्या माणसाचा येतो तसा. तिने बघितलं, आणि त्या क्षणी तिला एक गोष्ट कळली. हा कोणाला फसवत नव्हता. याला जेव्हा इथे उभं केलं तेव्हा वाट उजवीकडेच होती. तो त्याचं काम करत होता. पाऊस आला तरी नाही, भूक लागली तरी नाही. तो शेवटच्या माणसाची वाट बघत होता, आणि शेवटचा माणूस, हीच घंटा वाजवत येणारा जियाखेन, कोपऱ्यावर आलाच नव्हता.

भीती गेली नाही. पण तिच्या बरोबरीने दुसरंच काही छातीत भरून आलं, आणि ते भीतीहून मोठं होतं. खोळंबून राहणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

"मी शेवटची," रेगुला म्हणाली. आवाज फुटत होता, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, पोस्टाच्या खिडकीतून नाव पुकारावं तसं खणखणीत. "मी शेवटची. घंटा आली. चल. डावीकडे जायचंय."

धुक्याचा एक लोट मधून गेला.

"ताई," उजवीकडून हाक आली. रूएदी सायकल ढकलत येत होता, चेहरा चुन्यासारखा पांढरा. "पुढे येऊ नकोस. तिकडे वाटच नाहीये. माझं पुढचं चाक..." त्याने बोटाने हवा दाखवली. "तुझी घंटा ऐकली. म्हटलं शेपूट आलं, चिडवायला थांबावं. म्हणून थांबलो. नाहीतर..." तो दगडाकडे बघू लागला. "तो कुठे गेला?"

दगडापाशी कोणी नव्हतं. गवत आडवं झालं होतं, डावीकडे.

"पुढे गेला," रेगुला म्हणाली. "तूही हो पुढे. माझ्या मागे कोणी राहायचं नाही."

रूएदीने एक शब्दही उलट काढला नाही. हे त्या दिवसातलं दुसरं आश्चर्य होतं. तो उतरू लागला, ती त्याच्या मागे. रूएदीची चेन नेहमीसारखी चूप होती. पण त्याच्याही पुढे कुठेतरी, धुक्यात, एक कोरडी चेन करकरत होती, वर्षानुवर्षं तेल न मिळालेली. पहिल्यांदा अडखळत, मग सलग, मग वेगात. धुकं एकदा फाटलं. खालच्या वळणावर एक लाल पाठ दिसली, सायकलीसकट वळणात छान झुकलेली. चांगला चालवत होता तो. मग धुकं मिटलं.

रेगुला हसायला लागली. घंटा वाजवत, डोळे पुसत, ती खालपर्यंत हसत उतरली.

६

खाली कुरणाच्या फाटकाशी फ्लुरिन उभा होता. त्याने रूएदीला पाहिलं, तिला पाहिलं, आणि रीतीचा प्रश्न विचारला. "मागे कोण?"

"कोणी नाही."

तो तिच्या खांद्यावरून मागे बघायला गेला आणि मध्येच थांबला. "आत्ता माझ्या समोरून काहीतरी गेलं," तो हळूच म्हणाला. "घराच्या दिशेने. दिसलं नाही. चेनला तेल नव्हतं."

डोंगराला वळसा घालून संध्याकाळी ते घरी पोचले. वाटेत एका ओढ्यापाशी रूएदीने तिची सायकल स्वतः धुतली, चेनला तेल घातलं, आणि बर्नच्या भावांना तीनदा सांगितलं की ही आमची शेवटची, हिच्याशी नीट बोला. रेगुलाने खालच्या सूनबाईला निरोप पाठवला की विचार बदललाय, सायकल मिळणार नाही, पुढची वीस वर्षं तरी नाही.

जियाखेन बाकावर होता. दार उघडं होतं. फ्लुरिनने पिशवी उतरवून आत हात घातला आणि तसाच थांबला. पुडकं नव्हतं. कागद होता, नीट चौकोनी घडी घातलेला.

"मागे कोण?" म्हाताऱ्याने विचारलं, रोजच्यासारखं, उत्तराची अपेक्षा न ठेवता.

फ्लुरिनने रेगुलाकडे पाहिलं. प्रश्न खरं तर तिचाच होता. ती पुढे झाली, हँडलवरची घंटा सोडली आणि म्हाताऱ्याच्या ओंजळीत ठेवली.

"कोणी नाही, आजोबा," ती म्हणाली. "मी मोजून आलेय."

म्हाताऱ्याने घंटा खिशात घातली. मग त्याने नाकाने एक मोठा श्वास घेतला, बाकाला धरून उठला आणि सगळ्यांना हाताने आत जायला सांगितलं. सगळे गेले. शेवटी तो आत आला, आणि त्याने दार लावून घेतलं.